दमानं

कव्हरच्या मागच्या बाजूला चार ओळी लिही, म्हणाले,
पन्नास वर्षं व्हॅन तूच चालवलीस.
मी काय लिहिणार?
मला डिझेलचे जुने भाव पाठ आहेत,
आणि कुठल्या गावातल्या पबमागे
व्हॅन वळवता येत नाही, ते.

'टॅलो हिल'च्या पहिल्या रेकॉर्डवर सहा जण होते.
फोटोत सगळ्यांना केस आहेत.
आता चौघं.
एक न्यूझीलंडला मुलीकडे असतो, नाताळला कार्ड पाठवतो.
आणि डेन्झिल, आमचा ड्रमवाला,
गेल्या मार्चमध्ये गेला, ग्रिम्सबीच्या हॉस्पिटलात,
जेवणाच्या ट्रेवर बोटं वाजवत वाजवत.
(खरं तर झोपेत गेला. बोटांचं रोविनानं रचलंय.
आता मीही तसंच सांगतो.)

रेकॉर्डिंग चॅपलमध्ये, हंबरच्या चिखलाच्या अलीकडे.
प्रार्थनेला येणारे केव्हाच सरले,
आता तिथं दर बुधवारी योगासनं.
कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या जांभळ्या चटया.
राहू द्या, आवाज घुमणार नाही, म्हणाली टॅम्सिन.
ही रोविनाची नात. यंत्रं तीच बघते,
आम्हाला 'जरा गप्प बसा' म्हणू शकणारी एकटीच.

पहिलं गाणं तेच घ्यायचं ठरलं, नावाड्याचं.
बुडालेला नावाडी दर तिन्हीसांजेला
ओल्या अंगानं दारात येतो,
शेवटच्या उताऱ्याचं भाडं मागतो.
गाणं आमचं नव्हेच.
सत्तर सालच्या नोव्हेंबरात
मिसेस गारबटबाईंच्या स्वयंपाकघरात टेप लावून आणलेलं.
बाई बटाटे सोलत गायल्या.
तिसऱ्या कडव्यानंतर थांबल्या,
सालं बादलीत टाकली,
मग चौथं.

महिन्याभरानं आम्ही त्यांना आमचं ऐकवायला गेलो.
ऑब्रीची इलेक्ट्रिक गिटार, डेन्झिलचे ड्रम,
फडताळातल्या बशा किणकिणायला लागल्या.
बाईंनी ॲप्रनला हात पुसले.
छान आहे, म्हणाल्या, पण दमानं घ्या की, पोरांनो.
बुडालाय तो.
आता त्याला कुठं जायची घाई?

लिंकन येईपर्यंत व्हॅनमध्ये हसत होतो.
आणि त्या गाण्यावर पुढं अख्खी मैदानं नाचली,
बुडालेल्या माणसावर,
हातात बिअर घेऊन.

आता रोविनाचा सूर तीन पायऱ्या खाली उतरलाय.
हेडलीचं मनगट धरतं, फिडलवर गज
जत्रेतून परतणाऱ्या घोड्यासारखा चालतो.
पहिला टेक खोकल्यात गेला.
दुसरा, ऑब्री चश्मा शोधत होता त्यात.
तिसरा मिळाला.

टॅम्सिननं तो डेन्झिलच्या जुन्या ड्रमशी जुळवून पाहिला.
जुळेना. तो केव्हाच पलीकडच्या काठाला,
आम्ही अजून धक्क्यावर.
मग सहज, काही न सांगता,
तिनं बाईंची टेप लावली शेजारी.

बाई, आणि रोविना.
ओळ संपते तिथं ओळ.
चौथ्या कडव्याआधी बादलीत सालं पडली,
आणि नेमका तिथंच
रोविनानं श्वास घेतला होता.

कुणी काही बोललं नाही.
बाहेर समुद्रपक्षी कचकच भांडत होते.
शहाणपण वगैरे समजू नकोस पोरी,
हेडली म्हणाला शेवटी,
दम उरला नाही, म्हणून दमानं.

डेन्झिलचं एवढंच ठेवलं:
एक, दोन, तीन, चार,
तेवीस वर्षांच्या पोराच्या घाईनं मोजलेलं.
मग थोडी शांतता,
आणि आम्ही येतो,
आमच्या वेळेनं.

कंपनीला कव्हरवर 'आजही तितकेच तरुण' हवं होतं.
मी लिहिलं:
गाणं मिसेस गारबट यांचं.
त्यांच्या घरापर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली.
रस्त्याचं काम चालू होतं.